चार जणांचं टेबल

एकट्याचं जेवण एका दिवसात कमी होत नाही. ते हळूहळू आटत जातं. आधी कोशिंबीर जाते, कारण एका माणसासाठी काकडी कोण चोचवत बसणार? मग आमटी जाते, वाटीभर डाळीसाठी कुकर लावणं जिवावर येतं. सकाळची भाजी रात्री होते, रात्रीची उरली तर दुसऱ्या दिवशी. शेवटी दूध-पोळी, मेतकूट-भात, नाहीतर चहा आणि दोन टोस्ट एवढ्यावर येऊन गाडी थांबते. परगावच्या मुलीचा फोन येतो, "जेवलीस का गं?" उत्तर जातं, "हो, झालं केव्हाच." त्यात खोटं काही नसतं. टोस्टलाही जेवण म्हणायची सवय झालेली असते.

वय वाढतं तशी भूक मंदावणं ही वैद्यकशास्त्राला चांगली परिचयाची गोष्ट आहे. जॉन मॉर्ली या वार्धक्यतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्याने १९८८ साली तिला एक स्वतंत्र अवस्था मानून नाव दिलं, म्हातारपणची अरुची. वास घेण्याची शक्ती कमी होते आणि चवीचा मोठा भाग वासातूनच येतो, म्हणून जेवण सपक लागतं. जठर आधीसारखं सैलावत नाही, चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. कवळी बोचते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, सांधेदुखीच्या काही गोळ्यांनी तोंडाची चव बिघडते. या सगळ्याला काही ना काही उपाय डॉक्टरकडे असतो. पण भूक मरण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही: समोर कुणी नसणं.

जॉन द कास्ट्रो हा मानसशास्त्रज्ञ लोकांना रोज काय, किती आणि कुणाबरोबर खाल्लं याची वही ठेवायला सांगत असे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्याने त्या वह्यांचा हिशेब मांडला. एकट्याने घेतलेल्या जेवणापेक्षा सोबतीने घेतलेलं जेवण सरासरी ४४ टक्क्यांनी मोठं भरलं. तिशी-चाळिशीतल्या, वजन वाढत चाललेल्या माणसासाठी हा आकडा धोक्याचा आहे. सत्तरीतल्या, दर वर्षी किलो-दीड किलो उतरत चाललेल्या बाईसाठी तोच आकडा दिलासा देणारा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वयस्कांनी १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जावं, असं वार्धक्यातल्या आहाराचे अभ्यासक सांगतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या आजींना दिवसाला ५५ ते ६६ ग्रॅम. दूध-पोळीच्या रात्री हा हिशेब कुठेच जुळत नाही. उसळ, आमटी, अंडं, मासा, पनीर हे जिन्नस नेमके तेच, जे एकट्यासाठी करायचा कंटाळा येतो.

शिवाय प्रश्न निव्वळ पोषणाचा नाही. जपानमध्ये वृद्धांच्या आयुष्याचा मोठा, वर्षानुवर्षं चालणारा अभ्यास सुरू आहे. त्यातला २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष असा की, एकटे राहणाऱ्या पुरुषांत जे जेवतातही एकटेच, त्यांना नैराश्याची लक्षणं जडण्याचं प्रमाण, एकटे राहूनही कुणाबरोबर तरी जेवणाऱ्यांपेक्षा ठळकपणे जास्त होतं. घर एकट्याचं असलं तरी निभावतं, ताट एकट्याचं झालं की माणूस खचतो, असा मी त्याचा अर्थ लावते. एकटेपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, हे अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी २०२३ साली अधिकृत इशारा देऊन सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो. आकडे मोठे आहेत, उपाय मात्र अगदी लहान, गल्लीतल्या मापाचे असावे लागतात. त्यातलाच एक या प्रकरणाचा विषय आहे: साठी ओलांडलेल्या दहा-बारा जणांनी गट करायचा, महिन्यातून एक-दोन ठरलेल्या दिवशी आपल्याच भागातल्या एखाद्या वेगळ्या हॉटेलात जाऊन जेवायचं, आणि ज्याचं बिल त्याने भरायचं.

हॉटेलातच का? ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात पंगत मांडली तर चालणार नाही का? चालेल, आणि तसे प्रयत्न जगभर झालेले आहेत. अमेरिकेत १९७२ साली ज्येष्ठांसाठीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन देशव्यापी भोजन कार्यक्रम सुरू झाला. साठीपुढच्या कुणीही जवळच्या केंद्रात यावं, चर्चच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांबरोबर बसून गरम जेवावं आणि जमेल तेवढी रक्कम ऐच्छिक वर्गणी म्हणून द्यावी. अर्ध्या शतकाहून अधिक काळ तो चालू आहे आणि असंख्य लोकांना त्याने दिवसातलं एक धड जेवण दिलं आहे. ब्रिटनमध्ये १९६५पासून एक संस्था महिन्यातून एका रविवारी दुपारी एकट्या राहणाऱ्या वृद्धांना चहाला बोलावते. एक स्वयंसेवक गाडी घेऊन दारात येतो, दुसरा आपल्या घरी चहा-केक मांडून वाट पाहत असतो. मुंबईत डिग्निटी फाउंडेशन 'चाय मस्ती' केंद्रं चालवतं. या सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

तरीही एक फरक उरतो. केंद्रात जाणारा माणूस लाभार्थी असतो. काय शिजलं आहे ते आधीच ठरलेलं, वाढणारा दयाळू, आणि खाणाऱ्याने समाधान मानायचं. सत्तरीनंतर आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशाच दुसऱ्याच्या हाती जातात. मीठ किती हे डॉक्टर ठरवतात, भाजी कुठली हे सून किंवा डबेवाली ठरवते, किती वाजता जेवायचं हे घरातल्या इतरांच्या ऑफिस-शाळेवर ठरतं. हॉटेलच्या टेबलाशी बसलेला माणूस मात्र गिऱ्हाईक असतो. त्याच्यापुढे मेन्यूकार्ड येतं. वेटर पेन्सिल घेऊन त्याच्याकडे बघत उभा राहतो, शेजारच्याकडे नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांनी त्याच भोजन कार्यक्रमातून वृद्धांना साध्या, रोजच्या रेस्टॉरंटची कूपनं देऊन पाहिली आहेत. हॉलमध्ये जायला संकोचणाऱ्यांसाठी मला तो मार्ग अधिक मानाचा वाटतो.

आपल्याकडे तर या गोष्टीला जुनी जमीन आहे. आज पंच्याहत्तरी-ऐंशीत असलेल्या कितीतरी पुरुषांची तरुणपणीची वर्षं खाणावळीत गेली. मुंबईच्या लालबाग-परळमध्ये कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार दहा-पंधरा जण मिळून एकेका खोलीत राहायचे. बायका-मुलं गावी. जेवण चाळीतल्याच एखाद्या बाईकडे, महिन्याच्या बोलीवर. पाळी सुटली की ताटं मांडली जायची, दुसऱ्या पाळीचे लोक उठले की पहिल्या पाळीचे बसायचे. खाणावळ चालवणाऱ्या या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पुण्यात शिकायला आलेल्या मुलांसाठी टिळक रस्त्यावर १९३३पासून बादशाही बोर्डिंग होतं. लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस मूकपट काढणाऱ्या नानासाहेब सरपोतदारांनी १९३५ साली सुरू केलं. माटुंग्याला रेल्वे स्टेशनला लागून ए. रामा नायक यांनी १९४२ साली उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलं, ते आजही केळीच्या पानावर जेवू घालतं. अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून जेवणं, "जरा ताक सरकवा" म्हणता म्हणता ओळख होणं, दोन दिवस कुणी दिसला नाही तर खाणावळवालीनेच चौकशी करणं, हे या पिढीतल्या पुरुषांना शिकवावं लागत नाही. फक्त आठवण करून द्यावी लागते.

बायकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या तरुणपणी हॉटेलात जाणं हे प्रसंगाचं असे, आणि गेल्याच तर 'फॅमिली रूम'मध्ये. इराण्याकडे, उडप्याकडे मागच्या बाजूला प्लायवूडच्या फळ्या ठोकून केलेले कप्पे असत, पुढे मळकट पडदा नाहीतर गुडघ्यापासून खांद्यापर्यंतचं झुलतं दार. आत चार माणसांची जेमतेम जागा, वर पंखा. ऑर्डर नवऱ्याने द्यायची, पैसे त्यानेच द्यायचे, वेटर बोलणार त्याच्याशीच. मुख्य दालनातल्या संगमरवरी टेबलावर, रस्त्यावरची वर्दळ बघत, एकटीने नाहीतर मैत्रिणींबरोबर चहा पिणं ही कित्येकींच्या आयुष्यात कधी न घडलेली गोष्ट. आज अशा बायका चार-पाच जणी मिळून फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीत, दादरच्या प्रकाशमध्ये किंवा डेक्कनच्या गुडलकमध्ये दर्शनी टेबल धरून बसतात, हा मोठा बदल आहे, आणि त्याबद्दल फारसं लिहिलं गेलेलं नाही याचं मला वाईट वाटतं.

असा गट शून्यातून उभा करावा लागत नाही. मदन कटारिया यांनी मार्च १९९५मध्ये अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हापासून आपल्या शहरांतल्या बागा सकाळच्या वेळी वयस्कांच्या गटांनी भरलेल्या असतात. ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळं, सोसायटीतले कट्टे आहेतच. त्यातूनच आठ-दहा जण वेगळे निघतात. बीज तयार असतं, अडतं ते पुढच्या व्यवस्थेवर. आणि गट मोडतात तेही जेवणावरून नाही, व्यवस्थेवरून.

पहिली व्यवस्था बसण्याची. एका लांबलचक टेबलावर बारा जण बसवले की दोन्ही टोकांची माणसं दोन तास गप्प बसून घरी जातात. रॉबिन डनबार या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅन्टीनमधल्या आणि सार्वजनिक ठिकाणच्या गप्पांचं निरीक्षण करून १९९५ साली दाखवून दिलं की, एका संभाषणात साधारण चारच माणसं टिकतात. पाचवा आला की बोलणं फुटतं आणि दोन गट होतात. हे तर तरुण, धडधाकट कानांचं झालं. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी चार हीच वरची मर्यादा समजावी. म्हणून बारा जण असले तर चारचारांची तीन टेबलं मागावीत आणि दर वेळी चौकड्या बदलाव्यात. नाहीतर जुने मित्र एकत्र बसतात आणि नवीन आलेली बाई पुन्हा एकटीच पडते.

कानांचा प्रश्न खरोखर मोठा आहे. वाढत्या वयात आवाज नुसता कमी येत नाही, गोंगाटातून बोलणं वेगळं काढता येईनासं होतं. भांड्यांचा खणखणाट, मिक्सर, वरचं गाणं, शेजारच्या टेबलावरचा वाढदिवस, या सगळ्यात समोरच्याचे शब्द हरवतात. मग माणूस नुसता हसून मान डोलावतो आणि पुढच्या वेळी "पाय दुखतोय" म्हणून येत नाही. उपाय साधे आहेत. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना भिंतीला पाठ लावून, कोपऱ्यात बसवावं, म्हणजे मागून आवाज येत नाही. तोंडावर उजेड पडेल असं समोरच्याला बसवावं, कारण ऐकू कमी येणारे ओठही वाचत असतात. गाणं बंद करायला सांगावं. मालक सहसा नाही म्हणत नाहीत.

म्हणूनच प्रत्येक हॉटेलात गटातल्या दोघांनी आधी जाऊन यावं. चव बघायला नाही. पायऱ्या किती, कठडा आहे का आणि कुठल्या बाजूला, हे बघायला. माटुंग्याचं श्रीकृष्ण बोर्डिंग पहिल्या मजल्यावर आहे. केळीच्या पानावर रसम-भात खायची कितीही इच्छा असली तरी गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन दोन महिने झालेल्या माणसाला जिना आधी सांगायला हवा. शारीरिक अपंगत्व असलेल्यांसाठीच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत उताराचं प्रमाण एकास बारा दिलं आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांब उतार. दुकानापुढे ठोकलेली लोखंडी फळी बहुतेक वेळा त्यापेक्षा फार उभी असते आणि पावसात घसरते. स्वच्छतागृह कुठे आहे, तिथे जायला दोन पायऱ्या उतराव्या लागतात का, आतून कडी नीट लागते का, भारतीय पद्धतीचं आहे की कमोड? ज्या बाईला दर तासाला उठावं लागतं ती या एका माहितीवर यायचं की नाही ते ठरवते, आणि लाजेपोटी विचारत नाही. ती माहिती न विचारता सगळ्यांना मिळायला हवी. खुर्चीला पाठ आणि हात असावेत. भिंतीलगतचा मऊ, खोल बाक दिसायला छान असतो, पण त्यातून उठताना दुसऱ्याचा हात धरावा लागतो.

वेळ सकाळी साडेअकराची चांगली, नाहीतर संध्याकाळी चारची. जेवणाची गर्दी टळते, वेटरना सवड असते, अंधार पडायच्या आत सगळे घरी पोचतात. वार ठरवताना उपास बघावे लागतात. एकाचा गुरुवार, दुसरीची चतुर्थी, कुणाची एकादशी, श्रावणात निम्म्यांचं मांसाहार-वर्ज्य. पण ठरलेला वार बदलत राहू नये. दुसरा मंगळवार म्हणजे दुसरा मंगळवार. त्या दिवशी कुणाचा उपास आला तर साबुदाण्याची खिचडी मिळेल असं ठिकाण बघावं.

आता पैसे. यावर मोकळेपणाने बोलायला लोक लाजतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. एकाच कट्ट्यावर बसणाऱ्यांत एक निवृत्त बँक अधिकारी असतो आणि एक खासगी कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार. कर्मचारी पेन्शन योजनेत, जिला सगळे 'ईपीएस-९५' म्हणून ओळखतात, किमान पेन्शन २०१४पासून महिना १,००० रुपये ठरलेलं आहे आणि पुष्कळांना मिळतं ते त्याच्या फार वर नसतं. गटाने हॉटेल निवडायचं ते या दुसऱ्या माणसाचा खिसा बघून. पहिल्याने "मी देतो सगळ्यांचं" म्हणणं हा तोडगा नाही. एकदा ते गोड लागतं, दुसऱ्यांदा तो माणूस यायचा बंद होतो. टीटीएमएम, तुझं तू माझं मी, हाच नियम बरा आणि तोही बिल समान न वाटता, ज्याने जे खाल्लं त्याचं. इडली-चहा घेणाऱ्याने शेजाऱ्याच्या पापलेटचे पैसे का भरायचे? महिन्याला एक जेवण आणि एक नुसता नाश्ता अशी पद्धत पाडली तर कमी खर्चाचा दिवस आपोआप मिळतो. बिल आल्यावर चष्मा लावून वाचावं. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के, तो द्यावाच लागतो. सेवाशुल्क मात्र ऐच्छिक आहे. ते परस्पर बिलात लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५मध्ये ते उचलून धरलं. वेटरला खुशीने, हातात टीप द्यावी, ती वेगळी गोष्ट.

प्रकृतीच्या बाबतीत तीन धोके प्रत्येक गटाला माहीत असायला हवेत. पहिला मधुमेहींचा. जेवणाआधीचं इन्सुलिन घरून टोचून निघायचं आणि हॉटेलात पाऊण तास ताटाची वाट बघायची, यात साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. काही गोळ्यांचंही तसंच. बाहेर जेवायच्या दिवशी डोस कधी घ्यायचा हे आपल्या डॉक्टरला आधी विचारावं आणि खिशात ग्लुकोजची पुडी किंवा दोन-चार गोळ्या-चॉकलेटं असावीत.

दुसरा धोका कमी लोकांना ठाऊक आहे. भरपेट जेवणानंतर रक्त पचनसंस्थेकडे वळतं आणि वयस्क शरीराला त्याची भरपाई वेळेवर जमत नाही. जेवणानंतर दोन तासांच्या आत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा अधिक घसरतो. भात, पुऱ्या, जिलबी अशा पिष्टमय, गोड जेवणानंतर ही घसरण जास्त. माणूस हात धुवायला झटकन उठतो आणि चक्कर येऊन पडतो. अमर्याद थाळीच्या जागी मर्यादित थाळी घेणं, जेवणाआधी पेलाभर पाणी पिणं, आणि जेवून झाल्यावर निवांत बसून राहणं हे यावरचे सोपे उपाय. पण रांग लागलेल्या हॉटेलात बसू देत नाहीत. साडेअकराची वेळ सांगितली ती यासाठीही.

तिसरा धोका घशात घास अडकण्याचा. अमेरिकेत १९६३ साली हॉगन या डॉक्टरने एक लेख लिहिला. रेस्टॉरंटमध्ये जेवता जेवता अचानक कोसळून गेलेल्या माणसांचे मृत्यू हृदयविकाराचे म्हणून नोंदले जात होते. शवविच्छेदनात त्यांच्या श्वासमार्गात न चावलेल्या मांसाचा मोठा तुकडा सापडला. कवळ्या आणि मद्य ही त्यातली नेहमीची कारणं होती. ओळखायची खूण ही, की घास अडकलेल्या माणसाला बोलता येत नाही, खोकताही येत नाही, हात गळ्याकडे जातो. पुष्कळदा असा माणूस चारचौघांत शोभा नको म्हणून उठून स्वच्छतागृहाकडे जातो आणि तिथे एकटा कोसळतो. त्याला जाऊ देऊ नये. पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच जोरदार थापा माराव्यात. तेवढ्याने सुटलं नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मुठीने आत-वर असे पाच झटके द्यावेत, आणि कुणीतरी त्याच वेळी १०८ला फोन लावावा. हेनरी हाइमलिख याने ही झटक्यांची पद्धत १९७४ साली मांडली. गटातल्या दोघांनी तरी ती प्रत्यक्ष शिकून घ्यावी. दवाखान्यांत, अग्निशमन केंद्रांत शिकवतात.

एवढी काळजी वाचून जेवायची हौसच जाईल असं कुणाला वाटेल. तसं होत नाही. एकदा सवय लागली की ही तयारी पाच मिनिटांची असते आणि मग खरा आनंदाचा भाग सुरू होतो: आपल्याच शहरात नवीन काय खायला मिळतं त्याचा शोध. चाळीस वर्षं दादरला राहून माटुंग्याच्या रामाश्रयात पाऊल न टाकलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि तिथलं पहिलं फिल्टर कॉफीचं भांडं हातात घेतल्यावर त्यांचे चेहरेही. धोबीतलावच्या कयानीत, जे १९०४पासून आहे, ब्रुन मस्का चहात बुडवून खाताना कवळीवाल्यांना कसलाच त्रास होत नाही. बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियात, स्थापना १९२३ची, बेरी पुलावातली आंबट लालसर फळं काय आहेत यावर टेबलभर चर्चा होते. इराणहून येणारी ती झरेश्क. एखाद्या महिन्यात मालवणी, एखाद्या महिन्यात केरळी, कधी सोसायटीच्या खाली नुकतंच उघडलेलं तिबेटी मोमोंचं दुकान. वाफवलेले मोमो मऊ, कमी तेलाचे, उकडीच्या मोदकांशी नातं सांगणारे. त्यांना पहिल्या भेटीत नाकारणारी आजी मला अजून भेटायची आहे. ओळखीच्या ठिकाणी मन रमतं, हे खरं. तरी चारातलं एक ठिकाण अगदी अनोळखी असावं, असा माझा आग्रह असतो. अनोळखी पदार्थापुढे ऐंशीचे आणि बासष्टचे सारखेच नवखे असतात, आणि बोलायला दुखण्यांखेरीज दुसरा विषय मिळतो.

शहराबाहेरही जाता येतं. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयात अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३पासून सगळ्याच महिलांना अर्धं. पुण्याहून वाईला, नाशिकहून त्र्यंबकला सकाळी जाऊन दुपारचं जेवण करून संध्याकाळी परत, असा दिवस गटाला सहज जमतो. तिकिटाचे वाचलेले पैसे ताटात घालता येतात.

आता शेवटची गोष्ट ऑर्डर देण्याची. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. गटाचा एक नियम असावा: कुणी कुणासाठी मागवायचं नाही. पुरुषांना हा नियम सोपा जातो. बायकांना नाही. पन्नास वर्षं घरातल्या प्रत्येकाची आवड लक्षात ठेवून रांधलेली बाई मेन्यूकार्ड उघडते, दोन पानं उलटते आणि मिटून ठेवते. "मला काहीही चालेल. तुम्ही घ्याल ते." शेजारचे काका लगेच सरसावतात, "आजींना एक साधा डोसा, तिखट नको." तिथे त्यांना थांबवावं लागतं. एका टेबलावर मी पाहिलं, वेटर समजूतदार होता. तो म्हणाला, "आजी, सावकाश बघा, मी पाणी घेऊन येतो." तो दोनदा येऊन गेला. पोंगल म्हणजे काय ते आजींनी विचारलं. त्यात मिरी असतात का, तूप वरून घालतात की आतून, काजू किती. मग म्हणाल्या, "ते नको. मला रवा डोसा द्या, कांदा घातलेला, कुरकुरीत. आणि चटणी तिखटच असू दे." डोसा आला तेव्हा त्यांना तो फार मोठा वाटला, अर्धा त्यांनी शेजारणीला दिला, आणि बरोबरची चटणी दोनदा मागून घेतली.

या साऱ्याला वेळ लागतो. बारा माणसं, बारा वेगवेगळ्या ऑर्डरी, त्यात कुणाला मीठ कमी, कुणाला कांदा-लसूण नको, कुणाला मेन्यूकार्डवरची अक्षरं दिसत नाहीत म्हणून वाचून दाखवायला हवं. टेबल राखून ठेवायला फोन कराल तेव्हा मालकाला एवढं स्पष्ट सांगून ठेवावं: आमच्या टेबलांना ऑर्डर द्यायला पंधरा-वीस मिनिटं लागतील, तेव्हा घाई न करणारा वेटर द्या आणि मोठ्या अक्षरांचं कार्ड असेल तर तेही काढून ठेवा.